मागे न पाहणारे काका

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काय विचारणार याची मी तयारी करून गेले होते. गाव कोणतं, आडनाव काय, मटण शिजवणार का, भेटायला कोण कोण येणार. अमरावतीच्या राजापेठेत शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एकट्या बाईला हे प्रश्न पाठ असतात. घरमालक काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, जुनी गाणी ऐकता का. मी म्हटलं, कधीमधी ऐकते. मग कानात घालून ऐका, ते म्हणाले, भिंतीबाहेर आवाज आला तर खोली खाली करावी लागेल.

मला वाटलं, माणसाला आवाज सोसत नसेल. पण घराखालीच वेल्डिंगचं दुकान होतं, तिथे दिवसभर लोखंड किंचाळायचं, आणि त्याबद्दल काकांची काही तक्रार नव्हती. उलट दुपारी दुकान बंद झालं की ते बेचैन होऊन गच्चीत फेऱ्या मारायचे.

साठीला टेकलेले, उंच, काटक. बांधकाम खात्यातून नकाशे काढण्याच्या नोकरीतून नुकते निवृत्त झालेले. अंगावरचा शर्ट कायम कोरा करकरीत. घरात त्यांच्याइतकं जुनं दुसरं काहीच नाही, असं काकू म्हणायच्या आणि हसायच्या, आणि हसून झालं की जिन्याकडे बघायच्या. ते तसं खरंच होतं. भिंतीवर फोटो नाही, लग्नाचासुद्धा नाही. ताटवाट्या दरवर्षी नव्या. स्कूटर जरा अंगवळणी पडली की विकायची. पलंग, कपाट, देव्हारा, कशालाच ठरलेली जागा नाही. आज स्वयंपाकघर असलेल्या खोलीत पुढच्या महिन्यात झोपायचं. मीही तिथे असताना वरच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि मागच्या खोलीतून पुन्हा वर अशी हलले. भाडं तेच, कटकटही काही नाही, फक्त काका दारात येऊन नम्रपणे सांगायचे की मॅडम, आता तुम्हाला इथे बरं वाटायला लागलं आहे, तेव्हा हलायला हवं.

पहिल्यांदा मी हे चांदूर बाजारला घरी सांगितलं तेव्हा माझे बाबा पोट धरून हसले होते. आम्ही भाजीवाले लोक. आमच्याकडे तीन पिढ्या एकाच विहिरीवर भांडत आल्या, जागा हलवण्याचं सुख आम्हाला कुठून माहीत असणार.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं, हे मला पाढ्यांमुळे कळलं. एका दुपारी शेजारच्या घरातून वांगी भाजल्याचा वास आला. छान चुलीवर, भरितासाठी. मी खिडकीशी जाऊन वास घेत होते तर खालून काकांचा आवाज आला, एकोणतीस एके एकोणतीस. मग एकोणतीस दुणे. मग खिडक्या धाडधाड लागल्या आणि पाढा वाढत्या आवाजात पुढे जात राहिला. काका जमिनीवर पाय आपटत होते. मी घाबरून खाली गेले. ते भिंतीला पाठ लावून उभे होते, डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, आणि काकू त्यांचा हात धरून शांतपणे उभ्या होत्या. पाढा संपला तसे त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "गेलं. आलं होतं, पन गेलं."

काय आलं होतं, हे मला काकूंनी मागाहून सांगितलं. आठवण.

काकांच्या घराण्यात हा रोग होता. ते रोगच म्हणायचे, जसं कुणाकडे साखर असते, कुणाकडे दमा. तेल्हाऱ्याकडचं त्यांचं गाव. काका नऊ-दहा वर्षांचे असताना ते धरणात गेलं आणि सगळं कुटुंब अमरावतीला आलं. वडिलांनी इथे चांगला जम बसवला, पुढची वीसेक वर्षं गावाचं नावसुद्धा काढलं नाही. मग पन्नाशी ओलांडल्यावर एकाएकी सुरू झालं. जेवताना म्हणायचे, ही भाकर आपल्या चुलीवरची नाही. झोपेतून उठून गोठ्याकडे निघायचे, गोठा नसलेल्या घरात. एक दिवस पायात चपला घालून कुणाला न सांगता गेले ते चौथ्या दिवशी सापडले. धरणात कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. बाहेर काढायला लोक गेले तर म्हणाले, काहून ओढता, मी माझ्या दारात उभा आहे. त्याच थंडीत छाती भरली आणि गेले. त्यांच्या वडिलांचंही तसंच काहीसं झालं होतं म्हणे, ते आपल्या आजोळाकडे तोंड करून बसायचे आणि बसल्या बसल्याच संपले.

"मांगं पाहू नका मॅडम," काका मला येता-जाता सांगायचे. "मान तिकडंच राह्यते."

त्यांना एक मुलगी होती, प्राजक्ता. सगळे प्राजू म्हणायचे. एकुलती एक. काकांचा सगळा जीव तिच्यात, आणि म्हणूनच त्यांनी तिला पाचवीत वसतिगृहात घातलं. पुढे पुणे, मग हैदराबादला नोकरी. सुटीत घरी आली की आठवड्याच्या आत परत पाठवायचे. पोरीला घराचा लळा लागू नये एवढ्यासाठी हा बाप स्टँडवर तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. काकू हे सांगताना रडल्या नाहीत, पण पोळी लाटता लाटता थांबल्या. त्यांनी यापायी किती सोसलं होतं ते त्या थांबण्यातच कळत होतं.

काकांचा एक आधार मात्र पक्का होता. त्यांच्या घरात हा रोग थोरल्यालाच होतो. आजोबा थोरले, वडील थोरले. आणि काका थोरले नव्हते. त्यांना जुळा भाऊ होता, अकोल्याला. आईला दोघांना दूध पुरेना म्हणून दीड-दोन वर्षांचा असतानाच तो अकोल्याच्या मावशीकडे वाढायला गेला आणि तिथलाच झाला. जन्माच्या वेळी काका आधी आले, तो नंतर. पण आमच्याकडे जुळ्यांमध्ये नंतर जन्मतो त्याला थोरला मानतात, आधी आत शिरला तो शेवटी बाहेर येणार असा हिशेब. म्हणून दर कोजागिरीला ज्येष्ठ मुलाला ओवाळतात तेव्हा अकोल्याहून त्या भावाला मुद्दाम आणलं जायचं, त्याला पाटावर बसवून नवे कपडे, आणि काका शेजारी बसून आटीव दूध प्यायचे. लहानपणी या गोष्टीचा त्यांना फार राग यायचा म्हणे. वडील गेल्यावर रागाची जागा समाधानाने घेतली. मला कधी ओवाळलं नाही म्हणून मी वाचलो, असं ते म्हणायचे. माझ्यात नाही तर पोरीत कुठून येणार. तरी उगाच धोका नको म्हणून बाकीची पथ्यं ते पाळत होतेच.

ही त्यांची समजूत मी मोडेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि मोडायला मी गेलेही नव्हते. मी घरून मोबाईलवर बारावीच्या मुलांचा तास घेत होते, अनुवंशाचा धडा. दार उघडं होतं. तास संपला तर काका उंबऱ्याबाहेर उभे. त्यांनी विचारलं की जुळ्यांचं ते काय सांगत होता. मी म्हटलं, जुळे दोन प्रकारचे असतात, एका बीजापासून झालेले आणि दोन वेगळ्या बीजांपासून झालेले. एका बीजाचे असतील तर दोघांचा अनुवंश सारखाच.

"दिसाले सारखेच असतीन तं?"

"बहुतेक एका बीजाचे."

"आन थोरला-धाकटा?"

मी म्हटलं, काका, त्याने काही फरक पडत नाही. कोण आधी बाहेर आलं ते बीजाला ठाऊक नसतं.

ते खाली बसले. जिन्याच्या पायरीवरच. अकोल्याच्या भावाला आणि त्यांना बाजारात लोक एकमेकांच्या नावाने हाक मारायचे, हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. मला वाईट वाटलं, म्हणून मी त्यांना समजावत गेले. हा रोग नाही, सगळ्यांना मागचं आठवतं, त्याने माणसाला उलट बरं वाटतं, आधार वाटतो. जुळ्या भावंडांना तपासून जाणकार सांगतात की ही ओढ थोडी रक्तातून येते खरी, पण थोडी माणसाच्या वाढण्यातून आणि स्वभावातून येते. तुम्ही दोघं वेगळ्या घरांत वाढलात.

त्यांनी शेवटचं तेवढं पकडलं. कसल्या स्वभावाच्या माणसाला जास्त होतं, असं विचारलं. मी पुस्तकात होतं ते सांगितलं, की जीवाला सारखी काळजी लावून घेणारे, लवकर घाबरणारे जे असतात, त्यांना मागचं जास्त ओढतं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी जे भेऊन राहिलो, तेच ते आहे?"

ते उठले, कठड्याला धरून खाली गेले, आणि त्या संध्याकाळी घरात पाढे ऐकू आले नाहीत. मला ती शांतता पाढ्यांपेक्षा वाईट वाटली.

त्यानंतरचे महिने घरात भीती राहायला आल्यासारखे गेले. काका बोलेनासे झाले. देव्हारा एका कोपऱ्यात आला तो तिथेच राहिला, कुणी हलवला नाही. ते तासन् तास खुर्चीत ताठ बसायचे, मान सरळ, जणू मागे कुणी उभं आहे आणि वळलं की दिसेल. त्यातच प्राजूचा फोन आला की तिला हैदराबादमध्ये करमत नाही, कंपनी घरून काम करू देते, तर अमरावतीलाच येऊन राहते. काकू आनंदाने रडल्या. काकांनी फोन घेतला आणि येऊ नकोस एवढंच म्हणून ठेवून दिला. मग मला खाली बोलावून विचारलं की घर विकायला किती दिवस लागतात. घरच नसलं तर पोरगी कुठे येईल, असा त्यांचा विचार. मी चिडले. म्हटलं, काका, पोरीला आईबापांची आठवण येते याला रोग म्हणत नाहीत. ते म्हणाले, "माह्या बापालेही सुरुवातीले आमी असंच म्हटलं."

उन्हाळा भर रंगात असताना अकोल्याहून काकांच्या वहिनीचा फोन आला. भाऊ सकाळी चहा पिऊन बाहेर पडले ते दुपार झाली तरी परतले नाहीत, मोबाईलही बंद. वहिनी रडत होत्या. काकांनी कुठे शोधायचं वगैरे काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना एकट्याला तिथे जाऊ देऊ नका मॅडम, माझ्याने ते बघवणार नाही. भाड्याची गाडी केली आणि आम्ही दर्यापूर, अकोट करत निघालो. सगळ्या वाटेवर काका पुढच्या काचेतून समोर बघत होते. तेल्हारा मागे पडलं तसे त्यांचे ओठ हलू लागले. एकोणतीसचा पाढा. पण मधेच ते चुकत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

धरणाचं पाणी पार खाली गेलं होतं. भेगाळलेला गाळ, आणि त्यातून वर आलेलं गाव. गाव म्हणजे काय, भिंतींचे हातभर उरलेले दगड, एक विहिरीचं कडं, देवळाचा चौथरा. झाड नाही, सावली नाही, ऊन नुसतं पांढरं. आणि त्या दगडांमध्ये एका उंबऱ्यावर काका बसले होते.

काका तर माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्या भावाला आधी पाहिलेलं नव्हतं. तोच चेहरा, तीच काटक मान, फक्त शर्ट जुना, कॉलर विरलेली. आणि तो माणूस मजेत होता. डबा उघडून पोळी-चटणी खात होता. आम्हाला बघून हसला, म्हणाला, अरे तुमी काहून आले, मोबाईलची बॅटरी गेली म्हणून बोंब झाली का घरी. पाणी उतरल्याचं पेपरात वाचलं, म्हटलं आपलं घर बघून यावं. तो दर दोन-तीन वर्षांनी येतो म्हणे, बायकोला सांगितलं की ती येऊ देत नाही. दोन वर्षांचा असताना सुटलेल्या गावात तो असा आरामात बसला होता, आणि आपल्या ढुंगणाखालच्या दगडावर थाप मारून म्हणाला, "पाह्य, आपला उंबरठा."

काका हसतील, भावाला दोन शिव्या घालतील आणि आम्ही परत फिरू, असं मला वाटलं.

काका म्हणाले, "हा आपला नाही. हे पाटलाच्या गड्याचं घर. आपलं तिकडं."

आणि ते चालायला लागले. गाळात बूट रुतत होते, त्यांनी बूट काढले. एकदाही न थांबता, न चाचपडता, दगडांच्या मधून वळसे घेत गेले, जिथे आता गल्ली नव्हती तिथून गल्ली असल्यासारखे वळत. एका जागी खाली वाकून आत शिरले. तिथे वाकण्यासारखं काही नव्हतं, मोकळं आकाश होतं. मग ते बोलू लागले. हा गोठा. इथं आई निजे. इथं माठ, इथं दिव्याचा कोनाडा, या कोपऱ्यात वांगी भाजायची चूल. आयुष्यभर एकही वस्तू जागेवर न ठेवणाऱ्या त्या माणसाने रिकाम्या गाळावर एकेक वस्तू जिथल्या तिथे ठेवली. त्यांचा आवाज लहान पोराचा झाला होता. तीसेक वर्षं ज्याला ढकलत राहिले ते जराही झिजलं नव्हतं. मला भीती वाटली. भर उन्हात, दोन माणसं सोबत असताना, लहान मुलीला वाटते तशी साधी भीती. त्यांच्या भावाचंही हसू गेलं होतं. तो डबा बंद करून उभा राहिला आणि चल, निघू आता, असं म्हणाला. काकांनी ऐकलंच नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्राजू. काकूंनी तिला कळवलं होतं, ती घाबरलेली होती, बाबा कुठे आहेत विचारत होती. मी फोन काकांकडे दिला. मुलीचा आवाज ऐकून तरी शुद्धीवर येतील असं वाटलं.

"प्राजू," ते म्हणाले. "तू ये. आपलं घर दाखवतो तुले. पानी चढाच्या आत ये."

पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. काका हसले. त्या घरात मी राहायला आल्यापासून त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

भावाने आणि ड्रायव्हरने मिळून त्यांना गाडीत बसवलं, उद्या परत येऊ असं खोटंच सांगून. अकोल्याला भावाला सोडलं. तिथे वहिनींनी आधी नवऱ्याला फैलावर घेतलं, मग सगळ्यांना जेवू घातलं, आणि भाऊ दुसऱ्या वाढीला पुन्हा गमती सांगू लागला. त्याला काही झालं नव्हतं, होणारही नव्हतं. तोच अनुवंश, तोच चेहरा. काका ताटापुढे बसून त्या भाकरीकडे बघत होते. अमरावतीला पोचेपर्यंत ते मागच्या काचेतून बाहेर पाहत राहिले. प्राजू दोन दिवसांनी आली, आणि बापलेक त्याच सकाळी गाडी करून धरणाकडे गेले. या खेपेला कुणाला विचारलं नाही.

मी त्या वर्षी खोली सोडली. निमित्त नव्या नोकरीचं सांगितलं, पण खरं म्हणजे मला तिथे झोप येईना. मध्ये काकूंचे फोन यायचे. काका आता खुशीत असतात, खातात-पितात, वजन वाढलं आहे, त्यांना कसलीच भीती वाटत नाही. हे सांगताना काकूंचा आवाज मात्र दबलेला असायचा.

गेल्या मे महिन्यात राजापेठेत कामाला गेले होते, म्हणून डोकावले. काका झोपले होते. प्राजूने चहा केला. आता ती इथेच राहते, घरूनच काम करते. चांगली हुशार, मोकळ्या स्वभावाची मुलगी, मला वाटलं उगाच आपण काळजी करतो. कंपनीचं बोलली, हैदराबादच्या उकाड्याचं बोलली. मग म्हणाली, उकाडा सहन होत नाही हो मॅडम, आपल्या घरी मागच्या खोलीत दुपारी किती गार वाटे. सारवलेल्या जमिनीवर गाल टेकवून पडलं की बाहेर बैल शिंगं घासून राहिले ते ऐकू येई.

अमरावतीच्या त्या घरात मागच्या खोलीत मी राहिले आहे. तिथे फरशी आहे आणि खाली वेल्डिंगचं दुकान. तेल्हाऱ्याकडचं घर बुडालं तेव्हा प्राजूचा जन्म व्हायला पुष्कळ वर्षं होती.

बाबांनी सांगितलं का हे, असं मी विचारलं. ती गोंधळली. सांगायचं काय त्यात, म्हणाली. दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदर तोंडाशी नेला. यंदा पाणी लवकर उतरलं आहे, उद्या पहाटे मी आणि बाबा निघतो, राहायच्या तयारीने, असं प्राजू सांगत होती.

"प्राजू," मी म्हटलं, "तुला भीती नाही का वाटत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

"घरी जायले कायची भीती, मॅडम?"